स्वस्त शेअर, ७३ टक्के मालक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एका जुन्या इंजिनीअरिंग कंपनीचं बाजारमूल्य १८० कोटी रुपये आहे. ताळेबंदात १३० कोटींची रोकड आणि म्युच्युअल फंड, कर्ज शून्य, वर्षाचा नफा १६ कोटी. प्रवर्तक कुटुंबाकडे ७३ टक्के शेअर. म्हणजे अख्खा धंदा ५० कोटींत मिळतोय, असं आमच्या गटातले सगळे म्हणतात. घ्यावा का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : वजाबाकी बरोबर आहे, पण एकाच बाजूने केलेली. किमतीतून रोकड वजा केली, तर नफ्यातून त्या रोकडीचं उत्पन्नही वजा करायला हवं. १३० कोटींवर ७ टक्के म्हणजे साधारण ९ कोटी, सव्वापंचवीस टक्के कर गेल्यावर पावणेसात. धंद्याचा स्वतःचा नफा उरला सव्वानऊ कोटी. ५० कोटींना तो मिळत असेल तर भाव अजूनही स्वस्तच आहे. मात्र तो पैसा खरोखर तिथे आहे का आणि तुमच्यापर्यंत कधी येणार, हे दोन प्रश्न उरतात.

पहिला तपासायला सोपा. नफा-तोटा पत्रकातलं 'इतर उत्पन्न' घ्या आणि वर्षाच्या सुरुवातीची व शेवटची रोकड यांच्या सरासरीने भागा. उत्तर सहा-सात टक्क्यांच्या आसपास यायला हवं. दोन-अडीच टक्के आलं, तर रोकड फक्त ३१ मार्चला दिसते आणि एरवी दुसरीकडे फिरते, किंवा कुणाला तरी कमी व्याजाने दिलेली आहे. घाईने आरोप मात्र करू नका. गुंतवणूक शेअरमध्ये असेल तर तिची वाढ 'इतर सर्वंकष उत्पन्न' या ओळीतही जाऊ शकते, तीही बघा.

मग वार्षिक अहवालाच्या शेवटाकडची, संबंधित पक्षांशी (प्रवर्तक, त्यांचे नातेवाईक, त्यांच्या इतर कंपन्या) झालेल्या व्यवहारांची टीप उघडा. सूचिबद्ध कंपनी हीच माहिती दर सहामाहीला निकालाबरोबर शेअर बाजारालाही देते. पाच वर्षांचे आकडे एका तक्त्यात मांडा : प्रवर्तकांचे पगार व कमिशन, त्यांच्या मालकीच्या जागेचं भाडं, ब्रँडची रॉयल्टी, समूहातल्या खासगी कंपन्यांना दिलेल्या ठेवी. बेरीज निव्वळ नफ्याच्या किती टक्के, ते काढा. एका वर्षाच्या आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची. नफा सपाट आणि ही बेरीज चढती असेल तर शेअर सोडून द्यावा. ठेव दर मार्चला 'परत' येऊन एप्रिलमध्ये पुन्हा जात असेल तरीही. उधारीही बघा : बाहेरचे ग्राहक ७० दिवसांत पैसे देतात आणि माल विकत घेणारी प्रवर्तकांच्याच मालकीची कंपनी २०० दिवस लावते, असं असेल तर ते बिनव्याजी कर्जच आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रवर्तकाच्या खुर्चीत बसून काढावं लागतं. कंपनीने करपूर्व १०० रुपये त्याला पगार म्हणून दिले तर १०० च्या १०० त्याचे, त्यावर तो आपल्या स्लॅबप्रमाणे कर भरेल. तेच लाभांशाच्या वाटेने जायचे झाले तर आधी कंपनी कर भरते, उरतात सुमारे ७५. त्यातला ७३ टक्के वाटा म्हणजे साधारण ५५ रुपये त्याच्या हाती येतात आणि त्यावर पुन्हा कर. माणूस लोभी नसला तरी हे गणितच त्याला लाभांशापासून दूर ठेवतं. (म्हणूनच प्रवर्तक संचालकाचा मोबदला ५ कोटी किंवा निव्वळ नफ्याच्या अडीच टक्के, यातली मोठी रक्कम ओलांडणार असेल तर सेबीच्या नियमानुसार विशेष ठराव, म्हणजे बाजूची मतं विरोधाच्या किमान तिप्पट, लागतो. सभेच्या नोटिशीत असा ठराव दिसला की कारण सविस्तर वाचा.)

हे गणित बहुधा घरातली परिस्थिती बदलते तेव्हाच बदलतं. धंद्यात नसलेल्या भावंडांकडे शेअर जातात, त्यांना पगार नसतो, मग लाभांशाची मागणी घरातूनच येते. शेअरधारणेच्या तिमाही तक्त्यात प्रवर्तक गटातली नावं आणि त्यांचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात, ते वाचा. प्रवर्तक स्वतः बाजारातून शेअर घेत असतील तर तीही चांगली खूण. २५ टक्क्यांच्या वर असलेल्या प्रवर्तकाला खुली ऑफर (इतर भागधारकांचे शेअर घेण्याचा जाहीर प्रस्ताव) न देता आर्थिक वर्षात ५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतं, पण ७५ टक्क्यांची मर्यादा असते. तुमच्या कंपनीत ती जवळपास भरली आहे, म्हणजे खरेदीचा आधार फारसा मिळणार नाही.

यातली एकही खूण नसेल तर घेऊ नका. असेल तर थोडे घ्या. दिवसाला सरासरी ३,००० शेअर फिरत असतील, तर त्याचा पाचवा भाग, ६०० शेअर, रोज विकून दहा दिवसांत बाहेर पडता येईल एवढेच. म्हणजे ६,०००, त्याहून जास्त नाही.

प्रश्न : महापे येथील एका कंपनीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात सहा एकर जमीन आहे. जमिनीची किंमत बाजारमूल्याच्या दुप्पट होते. पुस्तकात ती नाममात्र दाखवली आहे. ही लपलेली संपत्ती नाही का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : आधी जमीन कुणाची ते बघा. तुमच्या पट्ट्यातले बहुतेक औद्योगिक भूखंड एमआयडीसीने दीर्घ मुदतीच्या, साधारणपणे ९५ वर्षांच्या, भाडेपट्ट्यावर दिलेले आहेत. ताळेबंदात अशी जमीन हल्ली 'वापर-हक्काची मालमत्ता' या शीर्षकाखाली येते. मालकीची असेल तर स्थावर मालमत्तेत वेगळी दिसते. भाडेपट्ट्याचा भूखंड हस्तांतरित करायला एमआयडीसीची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागतं, वापर बदलायचा तर आणखी परवानग्या. शेजारच्या प्लॉटचा दलालाने सांगितलेला भाव गुणिले सहा एकर, हा हिशेब इथे चालत नाही. उरलेली मुदत, शुल्क, कंपनीचा भांडवली नफ्यावरचा कर आणि कामगारांची देणी वजा करून जे उरेल ते धरा.

घोडबंदर बाजूला मालकीची जमीन असेल तरी एक अडथळा तपासावा लागतो. नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्रात २००७ साली रद्द झाला, पण त्या कायद्याखाली उद्योगासाठी सूट मिळालेल्या जमिनींवरच्या अटी आपोआप पुसल्या गेल्या नाहीत. अशा जमिनींची नोंद सात-बाराच्या इतर हक्कांत सापडू शकते.

जमीन विकली किंवा विकसित केली जाणार असेल तर कुणाला, ही मुख्य गोष्ट. बिल्डर प्रवर्तकाचाच पुतण्या असेल आणि व्यवहार ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल, तर मंजुरीच्या ठरावाच्या बाजूने संबंधित पक्षांना मत देता येत नाही. कारखान्यासकट मोठा व्यवसाय एकगठ्ठा विकायचा झाला तर २०२३ पासून विशेष ठरावाबरोबर सार्वजनिक भागधारकांच्या मतांत बहुमतही लागतं. संचालक मंडळाचा ठराव होऊन बाजाराला कळवलेला नसेल, तोवर आम्ही अशा जमिनीची किंमत शून्य धरतो. कठोर वाटेल, पण वीस-वीस वर्षं नुसती पडून राहिलेली जमीन या पट्ट्यात नवीन नाही.

प्रश्न : गुंतवणूक कंपनीचा शेअर तिच्याकडच्या शेअरच्या ४० टक्के भावाला मिळतोय. ही तफावत भरून निघते का?
– निवृत्त शिक्षिका, नेरुळ

उत्तर : क्वचित, आणि तीही अर्धवट. सेबीने जून २०२४ मध्ये पुस्तकी मूल्याच्या निम्म्याहून खाली असलेल्या सूचिबद्ध गुंतवणूक कंपन्यांसाठी विशेष लिलावाची सोय केली. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचा भाव ३.५३ रुपयांवरून थेट २,३६,२५० रुपये झाला तो त्यातूनच. बातमी सगळ्यांनी वाचली, पण तो भावदेखील कंपनीकडच्या एशियन पेंट्सच्या शेअरच्या हिशेबाने बराच कमी होता, हे फार कुणी बघितलं नाही. अशी कंपनी मुळातले शेअर विकणार नसेल तर तुमचं उत्पन्न म्हणजे तिने पुढे दिलेला लाभांश. तो सध्याच्या भावावर किती टक्के पडतो एवढंच मोजा. सूट ६० टक्के आहे म्हणून ती ७० होणार नाही, असं काही नाही.

प्रश्न : माझ्याकडे ४०० शेअर. प्रवर्तक ६२ टक्के. मत देऊन काय फरक पडणार?
– एक वाचक, कळवा

उत्तर : साध्या ठरावात काहीच नाही. विशेष ठरावात पडू शकतो. तिथे बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात. प्रवर्तकांची ६२ टक्के मतं बाजूला पडली तर ठराव पाडायला २०.६७ टक्क्यांहून थोडी जास्त विरोधी मतं हवीत, म्हणजे उरलेल्या ३८ टक्क्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी एकत्र विरोध करायला हवा. फंडांकडे १२-१५ टक्के असतील तर हे जमतं, नुसत्या किरकोळ भागधारकांच्या बळावर जमत नाही, कारण बहुतेक जण मतच देत नाहीत. प्रवर्तक नेमके ७५ वर असतील तर सगळे विरोधात गेले तरी ठराव मंजूर होतो.

त्यामुळे आधी मागच्या तीन वर्षांचे मतदानाचे निकाल बघा. ते सभेनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत बाजाराच्या संकेतस्थळावर येतात आणि सार्वजनिक संस्था व इतर यांची मतं वेगळी दिलेली असतात. मतदान एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळावर घरबसल्या होतं, किमान तीन दिवस खुलं असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होतं. नोंदीच्या तारखेला शेअर डिमॅटमध्ये हवेत. एकदा दिलेलं मत बदलता येत नाही.

लेखी प्रश्न विचारायचा तर सभेच्या नोटिशीतल्या मुदतीत, कंपनी सचिवाला, टीपेचा क्रमांक आणि रक्कम देऊन विचारा. 'रोकड का वाटत नाही' याला गुळगुळीत उत्तर मिळतं. 'टीप ३८ मधली ११ कोटींची ठेव कोणत्या व्याजाने, कोणत्या तारणावर, परतफेड कधी' याला टाळाटाळ झाली तर तीही इतिवृत्तात दिसते. वैधानिक माहितीच मिळत नसेल तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार करा. उत्तरासाठी २१ दिवसांची मुदत आहे. भाव कमी आहे, लाभांश कमी आहे अशी तक्रार मात्र तिथे चालत नाही.

प्रश्न : प्रवर्तक शेअर बाजारातून नोंदणी काढून घेणार म्हणतात. शेअर देऊन टाकावेत की थांबावं?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : प्रस्ताव मंजूर व्हायला सार्वजनिक भागधारकांची बाजूची मतं विरोधाच्या किमान दुप्पट लागतात आणि प्रवर्तकांची धारणा ९० टक्क्यांवर पोचली तरच तो यशस्वी होतो. उलट्या बोलीत तुम्ही स्वतःचा भाव लावता. २०२४ पासून ठरावीक भावाचाही पर्याय आहे, त्यात किमान भावावर निदान १५ टक्के जादा द्यावे लागतात. नुसत्या घोषणेवर चढलेल्या भावाला नव्याने खरेदी करू नका. प्रस्ताव फसला की भाव पुन्हा खाली येतो आणि प्रवर्तक तेच राहतात.

ज्यांच्याकडे शेअर आहेत त्यांनी धंद्याच्या मूल्याचा वर सांगितलेला हिशेब करून भाव टाकावा. नोंदणी रद्द झाली आणि तुम्ही बाहेर राहिलात, तरी त्याच भावाला शेअर देण्यासाठी किमान एक वर्ष मिळतं, त्यामुळे शेवटच्या दिवशी घाबरून सही करायची गरज नाही. त्यापुढे थांबायचं तर खूप धीर हवा. ठाण्यातल्या कॅडबरी जंक्शनला जिचं नाव आहे त्या कंपनीचंच बघा. नोंदणी रद्द झाल्यावरही काही भागधारक थांबले. २००९ मध्ये त्यांना भांडवल कमी करण्याच्या (म्हणजे पैसे देऊन शेअर रद्द करण्याच्या) योजनेत शेअरमागे १,३४० रुपये देऊ केले गेले. काहींनी मुंबई उच्च न्यायालयात हरकत घेतली आणि २०१४ मध्ये २,०१४.५० रुपये ठरले. मधली पाच वर्षं तो शेअर बाजारात विकायची सोय नव्हती. तेवढ्या काळात मुलीचं शिक्षण किंवा घराचा हप्ता आड येणार असेल, तर ऑफरचा भाव घेऊन मोकळं व्हा.