सांगलीत भंगारात मिळालेले गंजके टॅप-डाय (नट-बोल्टचे आटे पाडायची हत्यारं) साफ करून विकता येतील का?

येतील, पण आधी दात बघा. डाय उजेडाकडे धरून भोकातून पाहिलं की धार कळते. तुटकी असेल तर तो नग कुणाच्या गळ्यात मारू नका, वजनावरच जाऊ दे. नुसता तांबूस गंज असेल तर दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवा, मग पितळी ब्रश मारा. ग्राइंडर आणि पॉलिश पेपर दातांना अजिबात लावू नका. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात गंज झटपट सुटतो, पण कडक केलेलं पोलाद त्यात फार वेळ राहिलं तर ठिसूळ होऊ शकतं. थोड्या वेळात काढून धुवा, कोरडं करा, लगेच तेल लावा.

खरी गोम मापात आहे. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासूनचा, म्हणून आपल्या भागात जुनी इंची हत्यारं अजून निघतात. अर्धा इंच व्हिटवर्थला (आट्यांचं जुनं ब्रिटिश माप) इंचाला १२ आटे, यूएनसीला (अमेरिकी माप) १३. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. मी एकदा न तपासता डाय विकला. गिऱ्हाईक बोल्ट घेऊन परत आलं, नट दोन फेऱ्यांतच अडकत होता. पैसे परत दिले. आता पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावतो, एका बोल्टवर आटे पाडून बघतो आणि तोच बोल्ट डायसोबत देतो.