शब्दांच्या शंका: कुजबुज दोघांची, पुटपुट एकट्याची

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. तिच्या गोष्टीत आजी, मासेवाली, सर, चोर, सगळे फक्त 'म्हणतात'. वेगळे शब्द शिकवायला बसले, तर कुजबुजणे आणि पुटपुटणे यांतला फरक मलाच सांगता येईना. आणखी एक. सुट्टीत आलेले पाहुणे तिचं बोलणं 'गेंगाणं' आहे असं म्हणून गेले. तेव्हापासून ती परक्यांसमोर तोंड उघडत नाही.
– एक आई, देवगड

उत्तर : ताई, आधी दुसऱ्या शंकेचं बोलतो, ती मला फार लागली. गेंगाणं म्हणजे नाक चोंदल्यासारखं, शब्द नीट न कळणारं बोलणं. तुमची मुलगी सानुनासिक, म्हणजे काही स्वर नाकात घुमवत, बोलत असणार, आणि ते आपल्याकडचं जुनं लेणं आहे. 'घरांत', 'तळें', 'केलें' असे अनुस्वार मराठीत पूर्वी लिहीत. उच्चारात न उरलेले अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी काढून टाकले. पण कोकणातल्या कित्येक घरांत ते अजून ऐकू येतात. माझ्या आजीच्या 'घरांत कोण आहे'मधलं टिंब मी अक्षरं गिरवण्याआधी ऐकलंय. मुलीला हे जरूर सांगा.

आता कुजबुज. तिला ऐकणारा लागतो. जेटीवर मासळीचा लिलाव चालू असताना दोघीजणी भाव चढवायचा की सोडायचा हे कानाशी लागून ठरवतात, ती कुजबुज. मासळीचा वाटा तिसरीलाच गेला की त्या दोघींतली एक रिकामी टोपली उचलताना ओठांतल्या ओठांत काही बोलते, ती पुटपुट. ती कुणाला ऐकू जावी अशी तिची इच्छाच नसते. म्हणून जप पुटपुटता येतो, कुजबुजता येत नाही.

रागाचंही तसंच. सर दरडावतील, कारण त्यांना समोरच्याकडून काही करून घ्यायचंय. चोर गुरकावेल, आवाज घशातच ठेवून. खेकसेल तो गर्दीने वैतागलेला कंडक्टर. एक वाक्य, की संपलं. तापात माणूस बरळतो. आणि कट्ट्यावर चालतात त्या गजाली. त्यांना ना घाई, ना मुद्दा.

एका शब्दापाशी मात्र तिला थांबवा : गाऱ्हाणं. पुस्तकात त्याचा अर्थ तक्रार. आपल्या देवळात एकजण गावाच्या वतीने देवापुढे उभा राहून खड्या आवाजात विनवणी करतो आणि प्रत्येक थांब्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तेही गाऱ्हाणंच. फरक क्रियापदात आहे. तक्रारीचं गाऱ्हाणं सांगतात, देवाला गाऱ्हाणं घालतात. तिच्या गोष्टीतली आजी यांतलं कोणतं करते, हे तिला विचारा. पुढचं वाक्य तिचं तिलाच सुचेल.

प्रत्येक 'म्हणाली' खोडू नका. सूर महत्त्वाचा असेल तिथेच शब्द बदला. आणि आजीच्या तोंडची वाक्यं तिला टिंबांसकट लिहू द्या. शाळेत कुणी विचारलं, तर निवेदन नियमाप्रमाणे आणि संवाद माणसाच्या बोलीप्रमाणे लिहिलाय, असं सांगा.