बायको पाच महिन्यांची अन् टोळी निघायलीय

"ताई, मी केज तालुक्यातला. बायको पाच महिन्यांची आहे, पहिलटकरीण. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन बसलोय, टोळीचा मुकादम म्हणायलाय दोघंबी या नाहीतर पैसे वापस करा. आई म्हणती आम्ही उसाच्या फडातच बाळंत झालो, काय झालं? तिचं रक्त (हिमोग्लोबिन) साडेआठ भरलंय. न्यावं का नाही?"

भावा, नेऊ नको.

गरोदरपणात रक्त 11 च्या वर पाहिजे, तिचं साडेआठ आहे, अन् अशा अंगानं पहाटे उठून दिवसभर वाकून तोडायचं, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढायचं, रात्री कोपीत (पाचटाच्या झोपडीत) जे असंल ते खायचं, मग बाळंतपणात रक्त थोडं जास्त गेलं तरी तिला झेपणार नाही. आईला उलटून बोलू नको, त्यांच्यापुढं दुसरा रस्ताच नव्हता. पण त्यांच्या टोळीत कोणाचं लेकरू गेलं, कोणाची बाई गेली, हे एकदा शांत बसून विचार त्यांना.

पैशाचं अवघड आहे, मला कळतंय. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तू एकटा अर्धा कोयता म्हणून जा. मुकादमाकडं गावातले दोन जाणते माणसं घेऊन जा, तिच्या वाट्याची उचल किती अन् कधी फेडायची ते लिहून घे, कोऱ्या कागदावर सही अजिबात नको.

तिला माहेरी ठेव, नाहीतर घरी कोणी राहणार असंल तर घरी. आशाताईला आजच सांग. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी असती, तिथं साडेआठचं आवर्जून सांगा, गोळ्या वाढवायच्या का सलाईनमधून लोह द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. लोहाची गोळी चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबतबी नको. शी काळी होती म्हणून बऱ्याच बाया गोळी बंद करतात, तसं करू देऊ नको. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझर झालं तरी, औषध, रक्त, जेवण, जायची-यायची गाडी सगळं त्यात. बाळ वर्षाचं होईपर्यंत आजारी पडलं तर तो इलाजबी. पहिल्या लेकराला मातृवंदना योजनेचे 5000 हप्त्यानं मिळतात, तिचं आधार अन् बँक खातं जोडलेलं आहे का बघ.

अन् काहीच जमलं नाही, न्यावंच लागलं, तर तिच्या हातात कोयता अन् डोक्यावर मोळी नको. तपासणीचं कार्ड सोबत पाहिजे. पोचल्या पोचल्या तिथली आशाताई शोध, जिल्हा दुसरा असला तरी सरकारी दवाखाना फुकटच बघतो. अंगावरून रक्त गेलं, डोकं खूप दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली, हातातोंडावर सूज आली, ताप आला, बाळाची हालचाल कमी वाटली, तर मुकादमाला विचारत बसू नको, 108 ला फोन लाव.

बाळंतपण शिमग्याच्या आसपास येईल, तेव्हा हंगाम चालू असंल. त्या आठ-दहा दिवसांची सुट्टी आत्ताच मुकादमाकडून कबूल करून घे.