आहार-चाचणीतील गळतीविषयी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

दोन वर्षांच्या आहार-चाचणीत तू समन्वयक म्हणून रुजू होते आहेस आणि सहभागींची गळती कशी रोखावी, असे विचारतेस. औषधाच्या चाचणीत माणसाला वेळेवर गोळी घ्यायची असते. आहाराच्या चाचणीत आपण त्याच्या घरच्या चुलीपर्यंत जातो. म्हणून संमतिपत्रावर सही एका बाईची असली, तरी घरात स्वयंपाक कोण करते, किराणा कोण भरते आणि वेगळी भाजी शिजली तर कोणाला खपणार नाही, हे पहिल्याच भेटीत विचारून घे आणि शक्य असेल तर त्या माणसालाही समोर बसवून सगळे समजावून सांग.

माझ्या हातून झालेली एक चूक तुला सांगतो. एका बाईंनी तीन महिन्यांत पथ्य सोडले आणि मी त्यांच्या नावापुढे ‘अभ्यास सोडला’ असे लिहून मोकळा झालो. वर्षभराने त्या बाजारात भेटल्या आणि म्हणाल्या, “वजन करायला मी आले असते, तुम्हीच बोलावलं नाही.” पथ्य सोडणे आणि अभ्यास सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांना पथ्य जड जाते तेच आधी गळतात. त्यांची मोजमापे हातची गेली, तर उरलेल्या निष्ठावंतांच्या आकड्यांवरून आहार आहे त्यापेक्षा गुणकारी दिसू लागतो. म्हणून पथ्य मोडलेल्या बाईला न रागावता पुढच्या तारखेला बोलाव.

नियंत्रण गटाकडे, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या गटाकडे, तर डोळ्यांत तेल घालून पाहा. स्पेनमध्ये 2003 साली सुरू झालेल्या प्रेडिमेड चाचणीत 7,447 माणसे होती. भूमध्यसागरी आहाराच्या दोन गटांपैकी एकाला घरटी आठवड्याला सुमारे एक लिटर ऑलिव्ह तेल, तर दुसऱ्याला माणशी रोज 30 ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट मोफत मिळत असे, शिवाय दर तीन महिन्यांनी आहारतज्ज्ञांची भेट. नियंत्रण गटाला मात्र सुरुवातीची काही वर्षे वर्षाकाठी एक पत्रक. ऑक्टोबर 2006 पासून त्यांनाही तितक्याच भेटी दिल्या गेल्या, तरी अखेरीस त्या गटातील गळती 11.3 टक्के आणि भूमध्यसागरी गटांतील 4.9 टक्के राहिली. ज्याला काहीच मिळत नाही, त्याने का यावे? मुंबईतील वस्त्यांमध्ये 2006 पासून झालेल्या मातृपोषण चाचणीत 6,513 स्त्रिया होत्या. तिथे एका गटाला पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ मिळे, तर दुसऱ्या गटालाही बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा खाऊ रोज मिळत असे. ही मांडणी मला फार मोलाची वाटते.

बाकी कामे लहान आहेत, पण त्यांवाचून अडते. माहेरचा फोन नंबर नाव नोंदवतानाच घे, कारण बाळंतपणाला गेलेली बाई सासरच्या नंबरावर सापडत नाही. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या बाईला तिथेच चहा-नाश्ता दे आणि रिक्षाभाडे त्याच दिवशी हातात ठेव.

कोणी स्पष्ट नको म्हणाले, तर मात्र आग्रह करू नकोस. तो त्यांचा हक्क आहे. शेवटचे वजन करू देतील का, एवढे एकदाच विचार.

भेटींचे वेळापत्रक तयार झाले की मला पाठव. गौरी-गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यांत कोणाची तारीख पडली नाही ना, हे मी पाहून देईन.

तुझे सर