दवाखान्यातून घरी येणारे कुत्रे
मालवणात प्राण्यांचा दवाखाना सुरू केल्यावर रस्त्यावरचे काही कुत्रे तुमच्या घरीही येतीलच. मात्र नव्या कुत्र्याला किमान 14 दिवस मांगरात (घराबाहेरच्या शेडमध्ये) वेगळे ठेवावे, कारण पार्व्हो या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि आपल्याच चपलांवरून घरातल्या पिल्लांपर्यंत पोहोचतो. तेथे साध्या फिनेलवर विसंबू नये, ब्लीच वापरावे. पावसाळ्यात उंदरांच्या मुतामुळे लेप्टोस्पायरोसिसचा (लेप्टो) धोका वाढतो, म्हणून त्या लसीच्या दोन्ही मात्रा मेअखेरीस पूर्ण कराव्यात आणि अंगणात साचलेले पाणी कुत्र्यांना पिऊ देऊ नये. गोचिडांसाठी कान व बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात. हिरड्या फिकट दिसल्यास गोचीडतापासाठी रक्त तपासावे. रेबीजची प्रतिबंधक लस मात्र तुम्ही स्वतः आधीच घ्यावी.