नवऱ्याचा नंबर आठवत नाही, म्हणजे डिमेन्शिया?

‘मॅडम, काहीच लक्षात राहत नाही. डिमेन्शिया तर नसेल?’ स्मरणशक्तीच्या सरावासाठी माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीच्या आसपासच्यांकडून हे आता सारखं ऐकू येतं. लक्षणंही तीच: नंबर आठवत नाहीत, मॅपशिवाय रस्ता सुचत नाही. पुढची बाई अशा अनेकींची मिळून एक आहे.

वय ५२, राहणार कोथरूड. स्वारगेटला फोन बंद पडला. शेजारच्या प्रवाशाने आपला फोन पुढे केला, पण मिस्टरांचा नंबरच येईना. आईचा स्मृतिभ्रंश जवळून पाहिलेला, त्यामुळे घाबरगुंडी उडाली.

‘माहेरी फोन होता?’

‘हो.’

‘नंबर?’

तिने धडाधड म्हटला. पाठोपाठ मावशीचा, मग मैत्रिणीच्या शेजाऱ्यांकडचा पी.पी. नंबरसुद्धा!

‘आणि मिस्टरांचा आजवर कितीदा दाबलात?’

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘एकदाच. सेव्ह करताना.’

माझ्या लेखी अर्धं काम तिथेच झालं. जे डोक्यात शिरलंच नाही, ते विसरणार कसं? माहेरचा नंबर तिने शेकडो वेळा आठवून फिरवला होता. आठवून बाहेर काढलं की गोष्ट पक्की होते, नुसती वाचून फारशी नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोगातून हेच दाखवलं: पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवत होतं. मी सरावावर भरवसा ठेवणारी. बालपण उकरत बसण्यापेक्षा हातात कागद देते.

पहिल्या आठवड्यात तिने पाठ करायला उत्साहाने दहा नंबर घेतले आणि सगळ्यांची खिचडी झाली. दोनच घ्यायचे. दहा आकड्यांच्या पाच जोड्या पाडून मोठ्याने म्हणायच्या. मग १० मिनिटांनी, रात्री, दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने, दर वेळी न बघता लिहायचा आणि मगच पडताळायचा. अडलं की लगेच फोन उघडायचा नाही, मनात वीस आकडे मोजायचे. त्या अडण्यातच खरा व्यायाम आहे.

तिचं एकाच जोडीवर गाडं अडायचं. ‘सत्तेचाळीस’ म्हणायची आणि ७४ लिहायची. आपल्या मराठीत एकक आधी बोलतो ना! अशी जोडी सुटी करून म्हणायची, ‘चार, सात’.

रस्त्याचंही तसंच. बिबवेवाडीला बहिणीकडे जाताना ती फक्त ‘डावीकडे वळा’ ऐकायची. आता निघण्यापूर्वी मॅप बघून खुणा तोंडी म्हणते: नळस्टॉप, म्हात्रे पूल, दांडेकर पूल, स्वारगेट, मार्केट यार्ड. मॅपमध्ये उत्तर दिशा कायम वर ठेवायची. नकाशा आपल्याबरोबर फिरत राहिला तर शहराचं चित्र मनात नीट बसत नाही. जाताना आवाज बंद, येताना मॅपच बंद. चुकलात तर थांबून बघा, पण आधी अंदाज बांधा.

वाणसामानाची यादी लिहा, पिशवीत ठेवा, सामान आठवून घ्या, आणि यादी थेट पैसे देण्यापूर्वी पडताळायलाच उघडा. बिलाची बेरीज आधी मनात करा. दिडकी-अडीचकी (दीड-अडीचचे पाढे) पाठ असलेल्यांना हे सोपं जातं, नसलेल्यांना दहा-वीस रुपयांच्या फरकाने जमलं तरी पुरे. औषधांचे गजर, हप्त्यांच्या तारखा मात्र खुशाल फोनवर ठेवा. तिथे शौर्य नको.

ओळखीच्या रस्त्यावर हरवणं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारणं, नेहमीच्या स्वयंपाकाचा क्रम चुकणं, असं काही दिसलं तर माझ्याकडे नको, आधी डॉक्टरांकडे जा. झोप, उदासी, थायरॉइड, बी १२ हेही तपासून घ्यायला हवं. तिलाही पहिल्याच भेटीत पाठवलं होतं. बी १२ कमी निघालं, औषध सुरू झालं. तेव्हा सगळं श्रेय माझ्या कागदाला देता येणार नाही.

तीन महिन्यांनी तिने चार नंबर न अडखळता लिहिले. मिस्टरांना तिचा अजून येत नाही. पुढच्या सोमवारी त्यांना घेऊन येणार आहे.