पाठीला प्लास्टर नसतं

पत्र

ताई, मी 49 वर्षांची. लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. अंगावरून फार जायचं म्हणून 38व्या वर्षी पिशवी काढली, त्याच वेळी दोन्ही अंडाशयंही काढली. घरी बसून मेसला रोज दीडशे पोळ्या लाटून देते. श्रावणात बसच्या शेवटच्या सीटवर बसले होते. गतिरोधकावर गाडी उडाली आणि पाठीत कळ आली. उसण भरली असेल म्हणून दीड महिना शेकलं, बाम चोळला. शेवटी एक्स-रे काढला तर दोन मणके दबलेले निघाले, डी-12 आणि एल-1. हाडांचा भरीवपणा मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे 3.4 आला, म्हणजे हाडं फारच विरळ. डॉक्टर म्हणतात, दोन वर्षं रोज एक इंजेक्शन घ्या. सासूबाई अंथरुणावर आहेत, त्यांचं उठवणं-बसवणं माझ्याकडेच. नवरा वाईट नाही, पण एक्स-रे बघून म्हणाला, ‘मणका खरंच मोडला असता तर तू उभी राहिली असतीस का?’ शेजारच्या म्हणतात, पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घे. माघात मुलगी बाळंत होईल. ते बाळ मला उचलता येईल का? की मी आता कायमची काचेची झाले?

उत्तर

ताई,

तुमच्या यजमानांचा प्रश्न आधी घेते, कारण पत्रात सगळ्यात जास्त तोच दुखलाय असं मला वाटलं. हो, मणका मोडला तरी बाई उभी राहते. चालते, पोळ्याही लाटते. हाताचं हाड मोडतं तसा मणका मोडत नाही, तो दबतो. घरातल्या डब्यांच्या उतरंडीत मधला डबा पुढून चेपला की वरचे सगळे डबे पुढे झुकतात, तसं होतं. अशा फ्रॅक्चरांपैकी जवळपास दोनतृतीयांश कुणाच्या लक्षातच येत नाहीत, कारण बायका त्यांना उसण म्हणून अंगावर काढतात. मग काही वर्षांनी साडीच्या निऱ्या पायात यायला लागतात, ब्लाउज पाठीत वर चढतो आणि लोक म्हणतात, वय झालं, पोक आलं. माझी आजी शेवटची दहा वर्षं जमिनीकडे बघत चालली. तिची पाठ किती वेळा आणि कधी मोडली हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. तुमचं निदान झालंय. आजीला ते कधीच मिळालं नाही.

हाताला प्लास्टर असतं तर तुम्हाला कुणी पोळपाटापाशी बसू दिलं नसतं. पाठीला प्लास्टर नसतं, म्हणून घरातल्यांना दिसत नाही. तेव्हा एक करा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना यजमानांना सोबत न्या आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना एक्स-रेवर बोट ठेवून दाखवायला सांगा. आजूबाजूच्या मणक्यांपेक्षा हे दोन पुढून किती बुटके झालेत ते डोळ्यांनी दिसतं. पत्रावरून माणूस समजूतदार वाटतो, त्यांना फक्त माहीत नाही.

आता पिशवीचं. इथे मला राग येतो, आणि तो तुमच्यावर नाही. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हाडांची झीज आवरून धरतं. पाळी आपोआप जाते तेव्हाही पहिली पाच-सात वर्षं हाडं भराभर विरळ होतात. अंडाशयं काढली की हे संरक्षण एका दिवसात जातं. तुमच्या बाबतीत ते 38व्या वर्षी गेलं, म्हणजे आज तुमच्या हाडांनी पाळी जाऊन 11 वर्षं काढलीत. तेव्हाच कुणी सांगायला हवं होतं की हाडांची तपासणी करा, आणि काही अडचण नसेल तर पाळी जायच्या सर्वसाधारण वयापर्यंत हार्मोनच्या गोळ्यांचा विचार करा. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुणपणीच काढल्याची बातमी राज्यभर गाजली, चौकशी समितीही बसली. तेव्हा पिशव्यांची मोजदाद झाली, पण या बायकांच्या हाडांचं पुढे काय होणार यावर फार कमी बोललं गेलं. तुम्ही त्यातल्या नसाल, पण तुमच्या गावात पिशवी काढलेल्या मैत्रिणी असतीलच. त्यांना तुमचा रिपोर्ट दाखवा.

पायाळू माणसाकडे जायचं नाही. पाय लावून घेणं, पाठ तुडवून घेणं, कुणी कमरेला हिसका देणं, यातलं काहीही नको. साधी उसण चार-आठ दिवसांत आपोआप उतरते, म्हणून पायाळूचं नाव होतं. दबलेल्या मणक्यावर तोच पाय पडला तर तो आणखी दबेल. मी हे कुणाच्या श्रद्धेला हसून म्हणत नाही. तुमच्या पाठीत आता त्याला जागा नाही, एवढंच.

पायात बळ कमी वाटलं, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात जा. ताप, घटतं वजन किंवा झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून होतो, शिवाय हाडांची इतर दुखणीही असतात, ती आधी वगळावी लागतात. रक्तात कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉईड, किडनी, पॅराथायरॉईड हार्मोन आणि मायलोमा या कर्करोगासाठीची प्रोटीनची तपासणी झाली आहे का, हे विचारा. तुमचं कारण उघड आहे, तरीही विचारा.

अशा फ्रॅक्चरचं दुखणं बहुधा दीड ते तीन महिन्यांत ओसरतं, म्हणजे आता कधीही कमी व्हायला लागेल. मला खरी भीती त्या क्षणाची आहे. दुखायचं थांबलं की बाई उपचारही थांबवते. हाड मात्र तितकंच विरळ असतं. मणक्याचं एक फ्रॅक्चर झालेल्या बायकांपैकी पाचात एकीला वर्षभरातच दुसरं होतं, आणि तुमचे तर दोन मणके दबलेत. वेदनेची गोळी दुखणं कमी करते, हाडाला तिचा उपयोग नाही. हाडासाठी ते इंजेक्शन आहे.

रोजचं इंजेक्शन म्हटल्यावर तुमच्या पोटात गोळा आला असणार. डॉक्टर टेरिपॅराटाइडबद्दल बोलत असावेत. मधुमेहाचं इन्सुलिन घेतात तसं पेन असतं, सुई बारीक असते आणि पोटावर किंवा मांडीवर आपल्या हातानेच टोचता येतं. बाकीची बरीचशी औषधं हाडाची झीज थांबवतात, हे नवं हाड घडवतं. मणके दबल्यावर आधी हे सुचवण्यामागे अर्थ आहे. एक पेन 28 दिवस चालतं आणि फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, बर्फाच्या कप्प्यात नाही. सहसा दोन वर्षंच देतात. पूर्वी हाडांना रेडिएशन घेतलेलं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, मग ते हे देत नाहीत. कोर्स संपल्यावर लगेच दुसरं औषध सुरू व्हायला हवं, नाहीतर कमावलेलं हाड पुन्हा जातं.

खर्च महिन्याला काही हजारांत जातो, हे मी लपवत नाही. तो झेपत नसेल तर संकोच न करता तसं सांगा आणि झोलेड्रॉनिक ॲसिडबद्दल विचारा. ते वर्षातून एकदा सलाईनमधून देतात, एकूण खर्च बराच कमी येतो. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी होते, त्याने घाबरू नका. त्याआधी किडनी आणि दात तपासून घ्या, कारण हे औषध सुरू असताना दात काढायची वेळ आली तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. मिश्री लावत असाल तर दातांसाठीही आणि हाडांसाठीही ती सोडा. आठवड्याची अलेंड्रोनेटची गोळी मिळाली तर ती उपाशीपोटी, साध्या पाण्याच्या पूर्ण पेल्यासोबत घ्यायची. मग अर्धा तास चहाही नाही आणि आडवं होणंही नाही. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन कुणी सुचवलं, तर पुढच्या तारखा चुकणार नाहीत याची खात्री असेल तरच घ्या. ते मध्येच सोडलं की मणके पटापट दबू शकतात.

दबलेल्या मणक्यात सुईने सिमेंट भरण्याबद्दलही कुणीतरी तुम्हाला सांगेलच. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांमध्ये सिमेंट न भरता नुसतं तसं भासवलेल्या रुग्णांना जेवढा आराम पडला, तेवढाच सिमेंट भरलेल्यांना पडला. दुखणं अगदीच हटत नसेल तर डॉक्टर विचार करतात. पण पहिला उपाय म्हणून त्यामागे धावू नका.

कॅल्शियम दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 असतं, एका पेला दुधात दोनशेच्या वर. नाचणीची भाकरी, दही, तिळाची चटणी, राजगिऱ्याची भाजी यातून बरंच भागेल, उरलेल्यासाठी गोळी. थायरॉईडची किंवा लोहाची गोळी घेत असाल तर ती आणि कॅल्शियम यात चार तास जाऊ द्या. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक असते. ती रोज घेणाऱ्या बायका मला पत्रांतून भेटल्यात, म्हणून बजावते.

आणि आता पोळ्या. जमिनीवर बसून पुढे वाकत दीडशे पोळ्या लाटणं बंद. धंदा बंद करा असं म्हणत नाही. सध्या महिना-दोन महिने लाटायला दुसरं माणूस बघा. नंतर कमरेच्या उंचीच्या ओट्यावर, उभ्याने, तीस-चाळीस पोळ्यांनंतर थोडं चालून पुन्हा. मणका पुढे वाकताना आणि वाकून वळताना दबतो, म्हणून हंडा, सिलिंडर, ओल्या कपड्यांची बादली यांना हात लावू नका. केर लांब दांड्याच्या झाडूने काढा. अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताने रेटा द्या. योगवर्गात पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन, सूर्यनमस्कार करायचे नाहीत. फिजिओथेरपिस्टकडून पाठ मागे ताणायचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम शिकून घ्या. पट्टा दिला असेल तर सांगितले तेवढेच आठवडे बांधा. आणि नुसत्या पडूनही राहू नका, त्यानेही हाड जातं. बसमध्ये पुढच्या चाकाच्या आणि मागच्या चाकाच्या मधली सीट धरा.

सासूबाईंना तुम्ही उचलायचं नाही. या पत्रातलं बाकी सगळं मागेपुढे झालं तरी हे होऊ देऊ नका. खाटेवरून माणूस उचलणं तुमच्या पाठीला बसच्या धक्क्याएवढंच धोक्याचं आहे. सकाळ-संध्याकाळचं उठवणं यजमानांनी करायचं. शेवटी ते त्यांचा मुलगाच आहेत. दुपारसाठी शेजारची एखादी बाई पैसे देऊन ठेवता आली तर पोळ्यांच्या कमाईतून ठेवा. सासूबाईंना भरवणं, केस विंचरणं, गप्पा मारणं तुमच्याकडे राहू दे, म्हणजे तुम्हाला ‘टाकलं’ असं वाटणार नाही आणि त्यांनाही नाही. यजमानांना म्हणा, ‘डॉक्टरांनी मला वजन उचलायला बंदी केली आहे.’ ‘मला जमत नाही’ असं म्हणू नका. आपल्या घरांत बाईच्या ‘जमत नाही’ला लोक आळस समजतात, डॉक्टरांची बंदी मात्र पाळतात. हे बरोबर नाही, पण सध्या तुमची पाठ वाचवायची आहे.

बाळाचं विचारलंत. माघाला अजून दोन-अडीच महिने आहेत. तुम्ही पाठीला टेका देऊन खुर्चीत बसा, मांडीवर उशी ठेवा आणि मुलीला बाळ तुमच्या हातात द्यायला सांगा. जमिनीवरून किंवा पाळण्यात वाकून उचलायचं नाही. जमिनीवर बसून पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं काम या वेळी विहीणबाईंकडे किंवा मालिशवालीकडे जाऊ दे. तेल लावायला बाळ उंच पलंगावर घ्या, तुम्ही बाजूला उभ्या राहा.

इंजेक्शन सुरू केलंत की मला कळवा. आणि बाळ झालं की तेही.

तुमची,
ताई